छोट्या हत्तीवरची क्रेन

मोटार रिवाइंडिंगच्या धंद्यात लोक तांब्याच्या भावावर तासभर बोलतील. मोटार उचलतो कोण, यावर कुणी बोलत नाही. दहा हॉर्सपॉवरची मोटार दोन माणसं कशीबशी उचलतात. पन्नास हॉर्सपॉवरची ओतीव लोखंडाची मोटार तीनशे किलोच्या आसपास जाते. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत फोर्कलिफ्ट असते, तिथे ती गाडीत सहज चढते. अडचण येते ती एखाद्या जिनिंगवर किंवा शेततळ्याच्या काठावर. तिथे एक फळी, एक दोर आणि चार माणसांच्या कमरा, एवढंच असतं.

आमच्याकडे या चार कमरांपैकी एक चाचांची. ते नात्यानं चाचा नाहीत. अब्बांच्या वेळेपासून दुकानात आहेत, म्हणून सगळ्यांचे चाचा. गेल्या वर्षी त्यांच्या मणक्याचा एमआरआय काढावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं, वजन बंद. चाचा रिपोर्टची पिशवी काखेत घालून दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. वजन बंद म्हणजे पगार बंद, असा त्यांचा सरळ हिशेब.

तेव्हा आमच्या छोट्या हत्तीवर लहान क्रेन बसवायचं ठरलं. टाटांची ही गाडी २००५ साली आली आणि शहागंजच्या गल्ल्यांपासून मोंढ्यापर्यंत सगळीकडे शिरली. तिची मूळ भारक्षमता पाऊण टनाची. बाजारात फिरता खांब आणि लांब-आखूड होणारा हात असलेली क्रेन मिळते. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘५०० किलो’ लिहिलेलं असतं. हा आकडा हात पूर्ण आत घेतलेला असतानाचा. हात दुप्पट लांब केला की क्षमता निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली. तीनशे किलोची मोटार खांबापासून सव्वा मीटरवर लटकली, तर खांबाच्या बुडाला पावणेचारशे किलो-मीटरचा पीळ बसतो. क्रेन घेताना पाटीपेक्षा तिच्यासोबतचा तक्ता वाचावा.

हा पीळ हौद्याचा पत्रा झेलू शकत नाही. चार बोल्ट पत्र्यात मारून मोकळं होणारे फॅब्रिकेटर आहेत. पहिल्या महिन्यात पत्रा वाटीसारखा खोल जातो, मग फाटतो. आम्ही ज्यांच्याकडे काम दिलं त्या मिस्त्रींनी पत्र्याच्या वर आणि खाली जाड प्लेट घेतली आणि बोल्ट हौद्याखालच्या आडव्या चॅनलमध्ये उतरवले. चॅसीला वेल्डिंग केलं नाही आणि चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडलं नाही. चॅसी भेगाळायची तर तिथूनच. क्रेन मागच्या कोपऱ्यात बसवली, कारण माल मागूनच चढतो. पण वजन बाजूला लटकलं की पाट्याची स्प्रिंग दबते आणि गाडी त्या अंगाला झुकते. म्हणून त्या कोपऱ्याखाली जमिनीवर टेकणारा पाय दिला. पाय टेकवल्याशिवाय हुक लावायचा नाही, हा नियम.

विंचच्या बाबतीत दुकानदार सगळ्यांना एकच माल दाखवतो. चिखलात अडकलेली जीप ओढण्याची विंच वेगळी आणि वजन हवेत धरून ठेवणारी वेगळी. ओढायच्या विंचचा ब्रेक लटकतं वजन धरायला बनवलेला नसतो. बारा व्होल्टची विंच जोर लावते तेव्हा बॅटरीतून शंभर अँपिअरच्या वर करंट खेचते. त्यामुळे जाड केबल, बॅटरीजवळच फ्यूज आणि काम चालू असताना इंजिन चालू. शेवटी आम्ही हातपंपावर चालणारा हायड्रॉलिक जॅकच घेतला. वेळ जास्त लागतो, पण बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. न विचारता बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीलाही कळवावं, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो. क्रेन, प्लेट आणि पाय धरून शंभरेक किलो गाडीवर कायमचे बसले. तेवढा माल कमी भरायचा. ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो.

काम पूर्ण झालं त्या दिवशी चाचांनी क्रेनभोवती एक चक्कर मारली, खांबावर हात फिरवला आणि विचारलं, “अब मेरेको निकालते क्या?” आवाजात राग नव्हता. उत्तर हवं होतं.

हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारे ते माथाडी. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्या माणसांनी त्यांना संघटित केलं. १९६९ साली महाराष्ट्रानं त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला, तेव्हा कुठे नोंदणी, ठरलेली मजुरी आणि फंड या गोष्टी हमालांपर्यंत आल्या. ओझ्यालाही हिशेब असतो हे सरकारदरबारी मान्य झालं. आता यंत्र आलं की तो हिशेब पुसायला लोक टपलेले असतात. आमच्याच एका गिऱ्हाइकानं क्रेन बघताच म्हटलं, “आता हमाली अर्धी करा.”

मी अर्धी केली नाही. मोटारीचा आय-बोल्ट पूर्ण आटेपर्यंत फिरलाय का, पट्टा कुठे घासतोय, वजन जमिनीवरून चार बोटं उचलल्यावर कुणीकडे कलतंय, हे क्रेनला कळत नाही. चाचांना कळतं. मोटारीचा तोल त्यांच्या हातांना तीस वर्षांपासून ठाऊक आहे. आता ते जॅकचा दांडा मारतात, मोटारीला एका हातानं दिशा देतात आणि लटकत्या वजनाखाली कुणी आलं तर माझ्यावरसुद्धा ओरडतात. फेरीचा दर तोच ठेवला. चार माणसांच्या जागी दोन लागतात. उरलेल्या दोघांना वाइंडिंगच्या टेबलावर घेतलं. एक जण कॉइल भरायला शिकला. दुसऱ्याचं मन रमलं नाही, तो जाधववाडीच्या मोंढ्यात गेला. त्याच्यापुरतं क्रेननं काम हिरावलं, हे नाकारता येत नाही.

जुन्या उर्दूत यंत्रविद्येला जर्र-ए-सकील म्हणत, म्हणजे जड वस्तू ओढण्याची विद्या. आपल्या शहराला ती नवी नाही. हर्सूलकडून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर पाणचक्की फिरायची आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळायची. पाण्यानं जातं ओढलं, माणसाचे हात मोकळे झाले आणि पीठ भुकेल्यांच्या ताटात गेलं. गाडीवर क्रेन बसवणाऱ्यानं बोल्ट, प्लेट, परवाना तर बघावाच. पण वाचलेली मेहनत कुणाच्या ताटात जाते, हेही बघावं. आमच्याकडे तिचा एक वाटा चाचांच्या कमरेला मिळाला. संध्याकाळी ते अजून थोडे वाकून चालतात, पण घरी जाताना नातवाला कडेवर घेतात.