गाडी पप्पांची, स्टेअरिंग माझं

आमची कार पप्पांच्या नावावर. जळगाव-धुळे हायवेवर दर वीकेंडला ती चालवतो मात्र मी! थर्ड पार्टी विमा समोरच्याला भरपाई देतो. आपल्यासाठी पॉलिसीत एकच ओळ: ‘ओनर-ड्रायव्हर पीए कव्हर’. कारसाठी आधी २ लाख होतं, २०१८ मध्ये ‘आयआरडीएआय’ने १५ लाख केलं. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पैसे. हॉस्पिटलचं बिल नाही. पण कव्हर फक्त मालकाला, तेही लायसन्स असेल तरच. पप्पांकडे लायसन्स नाही, मी मालक नाही. म्हणजे कव्हर कुणालाच नाही! म्हणून मी माझ्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी काढली. पप्पा म्हणाले, ‘‘जपून चालवलं की झालं.’’ खरंय. पण पारोळ्याजवळ समोरून येणारा ट्रकही जपूनच येईल, हे कोण लिहून देणार?