विशेषणांची रांग

मी तालुक्याच्या गावी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. विशेषणांचा क्रम आला की मुलांना यादी पाठ करायला द्यायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. आधी मत, मग लहान-मोठेपणा, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय ते आणि शेवटी उपयोग. मुलं यादी घडाघडा म्हणायची आणि वहीत ‘वुडन बिग टेबल’ लिहायची.

एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, पाठ आहे हो, पण लिहिताना आठवतच नाही.” मला तिचं वाईट वाटलं. त्या रात्री मी सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. बहुतेक चुका एकाच जातीच्या होत्या. आपण ‘लाकडाचं मोठं टेबल’, ‘चामड्याची जुनी बॅग’ असं सहज म्हणतो. मराठीत ते बरोबरच आहे. मुलं तोच क्रम इंग्रजीत उतरवत होती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर फक्त ‘बॅग’ लिहिलं. विचारलं, “बॅग कशाची?” चामड्याची. मग ‘लेदर’ बॅगेला चिकटून लिहिलं. त्याच्या आधी रंग, रंगाच्या आधी वय. ‘सुंदर’ हे तर बघणाऱ्याचं मत, म्हणून ते सगळ्यात पुढे. ‘अ ब्युटिफुल ओल्ड ब्राउन लेदर बॅग’. वस्तूच्या अंगचा गुण नामाजवळ, आपलं मत लांब, एवढंच मुलांनी धरून ठेवलं. यादीची गरज कमी झाली.

त्या मुलीला मी इंग्रजी लेखक टॉल्किन यांची गोष्टही सांगितली. सात वर्षांचे असताना त्यांनी ड्रॅगनची कथा लिहिली. ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ चालत नाही, ‘ग्रेट ग्रीन ड्रॅगन’ म्हणायचं, असं आईने सांगितलं. ते का, हे आपल्याला अजूनही कळलेलं नाही, असं त्यांनी 1955 मध्ये कवी ऑडेन यांना पत्रातून कळवलं. ऑक्सफर्डला भाषेचे प्राध्यापक असलेल्या माणसाची ही गत, हे ऐकून तिला धीर आला.

घरी अभ्यास घेणाऱ्यांसाठी आणखी तीन गोष्टी. ‘माय’, ‘टू’, ‘दीज’ असे शब्द नेहमी विशेषणांच्या आधी येतात. दोन रंग असले तर मध्ये ‘अँड’ घालायचा. आणि एका नामाला दोन-तीन विशेषणं पुरतात. चौथं सुचलं तर त्याचं वेगळं वाक्य करायला सांगा.