निर्णयाचं ओझं कुणी उचलायचं?

रत्नागिरी,
रविवार

प्रिय सायली,

तुझं पत्र मिळालं. पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मताना गुदमरलेलं, मेंदूला जबर इजा, स्वतःचा श्वास जवळजवळ नाही. आणि वडिलांचं एकच म्हणणं, ‘मशीन काढू नका, अल्लाह काय ते करेल.’ तुझे सहकारी म्हणतात, धर्म आडवा येतोय. तुला ते पटत नाही, पण त्या बापाशी काय बोलावं हेही सुचत नाही. मी मुसलमान आहे आणि माझी सगळी नोकरी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात झाली, म्हणून तू मला विचारलंस ते बरं केलंस.

आधी धर्मशास्त्राचं सांगते. जीव घेणं हराम आहे, त्यात दुमत नाही. पण गुण येण्याची आशाच उरली नसेल तर उपचार चालू ठेवणं बंधनकारक नाही, असं बहुतेक धर्मशास्त्री मानतात. मेंदूचं काम पूर्ण आणि कायमचं थांबल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं तर हृदय यंत्रावर चालत असतानाही यंत्र काढता येतं, असा ठराव आंतरराष्ट्रीय फिकह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत केला. पण आपल्याकडची बहुतेक बाळं त्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचा मेंदू मेलेला नसतो, सावरण्यापलीकडे गेलेला असतो. त्यांच्यासाठी सौदी अरेबियाच्या स्थायी फतवा समितीचा फतवा जास्त जवळचा आहे. आजार असाध्य आहे यावर तीन जाणकार, विश्वासू डॉक्टरांचं एकमत झालं तर पुनरुज्जीवनाची यंत्रं वापरायची गरज नाही, असं तो सांगतो. आणि पुढे असंही सांगतो, की यात नातेवाइकांचं मत धरायचं नाही, कारण हे ठरवण्याचं ज्ञान त्यांच्याकडे नसतं.

हे शेवटचं वाक्य तुला कठोर वाटेल. मला त्यात करुणा दिसते. ज्या बापाने कालपरवा बाळाच्या कानात अजान दिली, त्याच्याच तोंडून ‘थांबवा’ हा शब्द वदवून घेऊ नये, हा त्यातला विचार मला मोठा वाटतो. तुझ्याकडचा बाप विज्ञान नाकारत नाहीये. आपल्या बाळाचा जीव आपल्या सहीने गेला असं होऊ नये, आणि उद्या अल्लाहसमोर त्याचा जाब द्यावा लागू नये, एवढंच तो सांगतोय.

आपला कायदा मात्र सौदीसारखा नाही, आणि तसा तो असावा असंही मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीनुसार उपचार थांबवण्याआधी रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं, म्हणजे उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ पडताळणी करतं, जवळच्यांची संमती घेतली जाते आणि दंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. इथेही पहिली जबाबदारी तीन डॉक्टरांचीच आहे, हे लक्षात घे. संमती पालकांची लागते, पण निदान आणि शिफारस आपली असते. ‘तुम्ही सांगा, काय करायचं?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे टाकून आपण मोकळं होऊ नये. असं म्हण, ‘आम्ही तिघांनी बाळाला तपासलं. या यंत्राने बाळ बरं होणार नाही, त्याचं मरण लांबतंय आणि त्याला त्रास होतोय. ते थांबवावं असं आमचं मत आहे आणि त्याची जबाबदारी आमची आहे. तुमची हरकत आहे का?’ सही तीच राहते, पण त्या माणसाच्या खांद्यावरचा भार बदलतो.

त्यांना मौलानांशी बोलायचं असेल तर वेळ दे, आणि मौलानांना वॉर्डात बोलावून स्वतः समजावून सांग. ‘मशीन बंद करून बाळाला मारू का?’ असं विचारलं तर कुठलेही मौलाना नाहीच म्हणतील. ‘आशा नाही असं तीन डॉक्टर म्हणतात, तरी हे यंत्र चालू ठेवणं फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे का?’ असं विचारलं तर ते विचार करून उत्तर देतील. सगळ्यांचं उत्तर एक असेल असं समजू नकोस. शिया कुटुंबं आपापल्या मरजाचं, म्हणजे ज्यांना ते मानतात त्या धर्मगुरूंचं, मत घेतात, त्यातली काही मतं जास्त कडक आहेत. लावलेलं यंत्र काढणं मान्य नसलेल्यांना, नवं यंत्र न लावणं किंवा हृदय थांबल्यावर छाती न दाबणं अनेकदा मान्य होतं. तेही समाधानाने स्वीकार. दूध-पाणी बंद करायचं मात्र सुचवू नकोस. ती सेवा आहे, उपचार नव्हे, असं बहुतेकांचं मत आहे. वेदनाशामक देताना हेतू वेदना कमी करण्याचा आहे हे स्पष्ट सांग, मग त्याला अडचण येत नाही.

आता आईबद्दल. तुझ्या पत्रात वडील आहेत, आजोबा आहेत, काका आहेत. ती कुठे आहे? प्रसूतीच्या वॉर्डात टाक्यांनिशी पडून असेल आणि तिला ‘बाळ ठीक आहे’ एवढंच सांगितलं असेल. वली, म्हणजे पालक, म्हणून बाप बोलतो, हे खरं. पण तिच्याशिवाय झालेला निर्णय तिला जन्मभर छळेल. तिला व्हीलचेअरवर आण, बाळ तिच्या मांडीवर दे. ती रडली आणि कुणी ‘सब्र कर, रडू नकोस’ म्हणालं तर त्यांना आठवण दे, की पैगंबरांचा मुलगा इब्राहीम दूधपित्या वयात गेला तेव्हा पैगंबर स्वतः रडले होते, आणि हे अश्रू दयेचे आहेत असं त्यांनीच सांगितलं होतं.

बाकीचं तुमच्या हातात आहे. बाळाचं नाव ठेवलं नसेल तर आधी ठेवू द्या आणि केसपेपरवर तेच लिहा. कानाशी कलमा म्हणू द्या, ओठांना झमझमच्या पवित्र पाण्याचा थेंब लावू द्या. नळ्या काढून, अंग पुसून बाळ त्यांच्या हाती द्या. दफन लवकर करायचं असतं, म्हणून मृत्यूचा दाखला तयार ठेवा. एका कारकुनाच्या सहीसाठी जनाजा संध्याकाळपर्यंत अडकतो, तेव्हा आपण केलेलं सगळं चांगलं काम त्या घरासाठी पुसलं जातं.

धर्म आडवा येतो असं तुझ्या सहकाऱ्यांना वाटत असेल तर हे पत्र त्यांनाही वाचून दाखव. या घरांत जी श्रद्धा आहे, तिनेच त्यांना हे सोसण्याचं बळ दिलेलं आहे. लहानपणी गेलेलं मूल जन्नतमध्ये आईबापांची वाट पाहतं, ही त्यांच्या मनातली गोष्ट आहे. आपण तिच्याशी भांडायचं नाही. आपलं काम एवढंच, की जो निर्णय ज्ञानाने घ्यायचा तो आपण घ्यायचा, आणि जो निरोप प्रेमाने द्यायचा तो त्यांना नीट देऊ द्यायचा.

मंडळाची बैठक लवकर लाव. वडिलांशी बोललीस की मला कळव.

तुझी,
आपा