तीन धारांचा हिशोब

आजची नोंद फवारणीची नाही. घरधनीण आणि मी चिखलदऱ्याला जायचं म्हणतोय, एक रात्र मुक्काम करून. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. शेगाव झालं, पंढरपूर झालं, सोयऱ्यांची लग्नं झाली. पण ती म्हणते तेही खरंच, "आवं, कोणाच्या घरी पाव्हणे न होता आपण कधी राह्यलोच नाही."

पहिला प्रश्न म्हशीचा. ती हिच्याशिवाय कोणाला पान्हा सोडत नाही. सकाळी धार काढून सहाला निघालो, तरी त्या दिवसाची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ-संध्याकाळ, अशा तीन धारा चुकतात. शेजारची सूनबाई तयार झाली. चार दिवसांपासून ती हिची जुनी साडी गुंडाळून धारेला बसते. पहिल्या दिवशी म्हशीनं बादलीच लाथाडली. काल दोन लिटर दिलं. रोजचं साडेतीन आहे. दूध कासेत राहिलं तर कासदाहाचं भ्याव, म्हणून पूर्ण पान्हा आल्याशिवाय तारीख पक्की नाही.

दुसरा प्रश्न सोयाबीनचा. पोळा झाला, शेंगा भरायला लागल्या. आता ताण पडला तर दाणा बारीक राहतो. पावसानं ओढ दिली तर आधी तुषार, मग सहल. लाईन रात्रीची असेल त्या आठवड्यात तर जायचंच नाही.

आता रस्ता. दुसरबीड, बीबी, सुलतानपूर, मेहकर, मालेगाव, पातूर, अकोला, अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा. तिथून सातपुड्याचा घाट. एका अंगाचं अंतर अडीचशे किलोमीटरच्या पुढं. मी कागदावर अकोल्याचं कृषी विद्यापीठ लिहिलं, परतवाड्याकडच्या संत्र्याच्या बागा लिहिल्या, खारपाणपट्ट्यातली पिकं लिहिली. तिनं कागद पाहिला अन् म्हणे, "हे तर तुमचं शेतीकाम झालं. माझी सहल कुठं हाय याच्यात?"

खोडलं सगळं. एकच ठेवलं, अंजनगावची पानपिंपरी. सावलीत वाढणारा हा औषधी वेल आपल्याकडं कोणी लावत नाही, आणि तो वाटेवरच आहे. वर गेल्यावर कॉफीची झाडं मात्र दोघांनाही पाहायची आहेत. विदर्भात कॉफी पिकते हे तिला अजून पटत नाही. गाविलगड आणि भीमकुंड तिच्या यादीतले.

काही जण म्हणतील, एका दिवसात होतं की. होतं. भावकीतल्या एका पोरानं मागच्या साली तसंच केलं. परतताना पहाटे डुलकी लागली अन् गाडी उभ्या ट्रॉलीवर गेली. जीव वाचला, पण पाय अजून लंगडतो. माझंही वय पन्नाशीच्या पुढं गेलं, रात्री समोरच्या लाईटनं डोळे दिपतात. म्हणून मुक्काम खाली परतवाड्यात. सकाळी घाट चढायचा, दुपारी उतरायचा. या दिवसांत वर धुकं असतं, अन् मेळघाटच्या रस्त्यावर जनावर कधी आडवं येईल सांगता येत नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहायचं, सारखा ब्रेक दाबायचा नाही, गाडी न्यूट्रल करायची नाही, चढणाऱ्याला वाट द्यायची. ब्रेक अन् टायर मिस्त्रीला दाखवून झाले. शनिवार-रविवार गर्दी असते, म्हणून सोमवार-मंगळवार धरलाय.

आपण पेरणीचं नियोजन महिनाभर करतो, पण घरच्या बाईच्या एका रात्रीच्या सुट्टीचं कधी करत नाही. हे मला म्हशीनं शिकवलं. तिची सुट्टी किती अवघड आहे ते तीन धारा मोजल्यावर कळलं.

आज सकाळी दूध तीन लिटरवर आलं. अर्धा लिटर बाकी आहे. कोणी इतक्यात घाट चढून आलं असेल तर रस्ता कसा आहे ते सांगा.