पाचारणाची वाट घरातून

वसई धर्मप्रांतात पाचारणाचं, म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर होऊ पाहणाऱ्या तरुणांना वाट दाखवण्याचं, काम करताना मला ठरलेला प्रश्न ऐकू येतो, ‘फादर, यंदा सेमिनरीसाठी किती मुलं मिळाली?’ विचारणाऱ्याची काळजी खरी असते. पूर्वी पाच-सहा भावंडांतलं एखादं सेमिनरीत नाहीतर मठात जाई. आज घरात एक किंवा दोन मुलं, आणि त्यांचं लक्ष परदेशाकडे. पण कोरोनाच्या काळापासून मला ‘किती’पेक्षा ‘कुठून’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला. ही मुलं येतात कुठून, हे मी तेव्हा जवळून पाहिलं.

२०२० साली ऐन प्रायश्चित्तकाळात, २५ मार्चला, देश बंद झाला. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला होता आणि पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला. पवित्र सप्ताहात पाय ठेवायला जागा नसते ती आमची चर्चेस रिकामी होती. धर्मगुरू आत एकट्याने मिस्सा अर्पण करीत होते आणि लोक घरात मोबाइल उभा करून त्यापुढे गुडघे टेकत होते. पोप फ्रान्सिस यांनी २७ मार्चच्या संध्याकाळी संत पेत्राच्या ओल्या, निर्मनुष्य चौकातून जगाला आशीर्वाद दिला. तो आमच्याकडे घराघरांत पाहिला गेला. त्याच पोपनी १७ एप्रिलच्या प्रवचनात सावधही केलं: संस्कारांपासून आणि समाजापासून तुटलेली, केवळ पडद्यावरची श्रद्धा म्हणजे चर्च नव्हे, ही तात्पुरती निकड आहे. मला ते पूर्ण पटलं. मिस्सा किती जणांनी पाहिली याचे आकडे मोजण्यात आम्ही काही आठवडे घालवले, पण धर्मग्राम त्या आकड्यांवर जगला नाही.

तो जगला लहान ख्रिस्ती समूहांवर. दहा-वीस घरांचा एक समूह, त्याची प्रमुख बहुधा एखादी बाई. कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, कुणाचा पगार थांबला आहे, कुणाची मोगऱ्याची फुलं बाजार बंद म्हणून झाडावरच वाळताहेत, हे तिला माझ्याआधी ठाऊक असे. तांदळाच्या आणि औषधांच्या पिशव्या तिच्या सांगण्यावरून पोचत. मे महिन्यात घरीच रोझरी म्हणा, असं पोपनी पत्र लिहून सांगितलं होतं. आमच्याकडे कित्येक घरांत बाप प्रथमच रोझरीचा पुढाकार घेताना मुलांनी पाहिला. एरवी तो भाजीच्या गाडीबरोबर पहाटेच दादरला गेलेला असायचा.

साथीत चर्च रस्त्यावर येतं, हे नवं नाही. १५७६ च्या प्लेगमध्ये मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांना खिडकीतून मिस्सा ऐकता यावी. १८९६ नंतरच्या प्लेगमध्ये मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत क्रूस उभे राहिले. त्यातले कित्येक आजही आहेत, आणि तिथे प्रार्थना होते.

पाचारणासाठीचा जागतिक प्रार्थनादिन पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये सुरू केला. तो उत्तम मेंढपाळाच्या रविवारी येतो. २०२० मध्ये ही तारीख होती ३ मे. एरवी या सुमाराला आमची शिबिरं असतात, दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपलेल्या मुलांसाठी. त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपरच रद्द झाला, शिबिर कुठलं? आम्ही ऑनलाइन बैठका घेतल्या. मुलं शहाण्यासारखी उत्तरं द्यायची. पण मुलगा जेवल्यावर ताट उचलतो का, चिडलेल्या मित्राशी कसा बोलतो, शांत बसू शकतो का, यातलं काहीही पडद्यावर कळत नाही. म्हणून मी फोनवर आईवडिलांशी बोलू लागलो, आणि निर्बंध सैल झाले तसा अंगणात अंतर ठेवून बसू लागलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच कुटुंबाला पहिल्या सेमिनरीचा मान दिला आहे. आम्ही ते शिकवत आलो होतो. आता त्या सेमिनरीच्या ओट्यावर बसायची वेळ आली होती.

याच काळात एक नाजूक गोष्ट समोर आली. काही तरुण म्हणाले, ‘फादर, आई ऑक्सिजनवर होती तेव्हा मी देवाला शब्द दिला, ती वाचली तर मी फादर होईन.’ आई वाचली होती. पोराचे डोळे भरून आलेले असत. अशा वेळी त्याला लगेच सेमिनरीचा अर्ज देणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं. भीतीतून दिलेला शब्द देव धनकोसारखा वसूल करीत नाही. मी त्यांना थांबायला सांगितलं: कॉलेज पूर्ण कर, दर रविवारी मिस्सेला ये, महिन्यातून एकदा मला भेट. ज्यांची ओढ भीती ओसरल्यावरही टिकली त्यांच्याशीच पुढचं बोलणं केलं. बाकीचे चांगले नवरे, चांगले नर्स, चांगले शिक्षक होतील. तेही पाचारणच आहे.

टिकलेल्या मुला-मुलींना ओढ कशाने लागली, हे मी प्रत्येकाला विचारलं. प्रवचनाचं नाव कुणी घेतलं नाही. एकाने पीपीई किट घालून रुग्णाभ्यंगाला निघालेले फादर पाहिले होते. एकीला कोविड वॉर्डात तिच्या आजीचे केस विंचरणाऱ्या सिस्टर आठवत होत्या. एकजण दफनविधीला मोजक्या माणसांत उभा होता; नातेवाईक येऊ शकले नाहीत म्हणून शवपेटीला खांदा त्याने आणि त्याच्या मित्रांनी दिला होता.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, परत उघडली. लोक आले, पण सगळे आले नाहीत. काहींना पडद्याची सवय लागली, काही म्हातारी माणसं धास्तावली होती. त्यांना परत आणायला समूहातल्या त्याच बायका दारोदार गेल्या.

आमच्या शिबिराचा क्रम आता बदलला आहे. पहिल्या दिवशी व्याख्यान नसतं. सकाळच्या मिस्सेनंतर मुलं-मुली दोघादोघांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जातात, ख्रिस्तप्रसाद घेऊन निघालेल्या सेवकाबरोबर. तासभर तिथे बसायचं, पाणी द्यायचं, ऐकायचं. दुपारी परत आल्यावर मी एवढंच विचारतो, तिथे काय ऐकलंत?