बुक्का

नणंदेने पंढरपूरहून पाठवलेली बुक्क्याची पुडी परवा डबीत ओतताना फाटली. बोटं काळी झाली, ओट्यावर काळं सांडलं आणि नागरमोथ्याचा तो गार, मातकट वास घरभर झाला. बाहेर बर्फ, खिडक्या बंद, त्यामुळे वास हलायला तयार नाही. मी पुसायचं सोडून तिथेच उभी राहिले.

माझ्या आजीच्या कपाळाचा हा वास. ती ऐन तारुण्यात विधवा झाली. कुंकू गेलं आणि त्या जागी बुक्का आला. घर माळकऱ्यांचं, म्हणून एवढं तरी तिच्या हक्काचं राहिलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्या वाड्यातली एक बाई तबक घेऊन फिरायची. आजीपाशी आली की नजर न उचलता पुढे सरकायची. कैरीची डाळ आजीनेच वाटलेली असायची, पन्हं आजीनेच केलेलं. ती बाई जाऊन कित्येक वर्षं झाली. मी तिला माफ केलेलं नाही.

पण आजी आठवते ती कुर्डुवाडीच्या गाडीतली. कुर्डुवाडीहून पंढरपूरला तेव्हा अरुंद रुळांची ‘बार्शी लाइट’ जायची. माघी वारीची गर्दी. आजी फळकुटावर पाय मुडपून बसलेली, मांडीवर पितळी डबी. डब्यात चढेल त्याला ती हाक मारायची, ‘माउली, इकडं या.’ मग बोट डबीत, बोट कपाळावर. शेतकरी, दूधवाले, लेकुरवाळ्या बाया, सगळे वाकायचे आणि लगेच तिच्या पायाला हात लावायचे, तीही उलट त्यांच्या पायाला लावायची. वारीत कोण कुणापेक्षा मोठा हे कुणी बघत नाही. टीसी आला. काळा कोट, हातात पेन्सिल. आजीने त्यालाही ‘माउली’ म्हटलं. त्याने पेन्सिल कानावर खोचली आणि कपाळ पुढे केलं. तबकवाल्या बाईने ओलांडलेल्या माझ्या आजीपुढे अख्खा डबा वाकला होता. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या टीसीच्या मानेवरच्या घामाचा ओघळसुद्धा मला दिसतो.

जर्सी सिटीत आले तेव्हा ओळखीच्या एका मावशींनी पहिला सल्ला दिला तो कपाळाबद्दलच. ‘स्टेशनला एकटी जाताना टिकली काढून पर्समध्ये ठेव.’ त्या भित्र्या नव्हत्या. १९८७ साली त्या इथेच होत्या. त्या वर्षी ‘जर्सी जर्नल’मध्ये एक पत्र छापून आलं. लिहिणारे स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवत होते. डॉट म्हणजे आपली टिकली. वाटेल त्या थराला जाऊन भारतीयांना या गावातून घालवू, अशी उघड धमकी होती. सप्टेंबरात शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तीस वर्षांच्या तरुणाला एका टोळक्याने इतकं मारलं, की तो काही दिवसांत गेला. नवरोज पारशी होता. त्याच्या कपाळावर काहीच नव्हतं.

मावशींचं सगळं ऐकून घेतलं आणि टिकली ठेवली. मनात धाकधूक असायची, अजूनही रात्रीच्या गाडीत कधी असते. पण आजीने ज्याच्यासाठी आयुष्यभर अपमान गिळला ते कपाळ मी भीतीपोटी मोकळं ठेवायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

एका फेब्रुवारीत जर्नल स्क्वेअरला गाडीत चढले तर समोर आजीचं कपाळ. हिरवट गणवेशातली एक फिलिपिनो नर्स, रात्रपाळीला निघालेली, आणि भुवयांच्या वर काळा, किंचित फिसकटलेला ठसा. क्षणभर मला बुक्काच वाटला. मग डब्यात तसे आणखी दोघे-तिघे दिसले. ॲश वेन्सडे होता. ईस्टरआधीच्या उपासांचा काळ या बुधवारी सुरू होतो. मागच्या वर्षी पाम संडेला आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, आणि माणूस मातीचा आहे याची आठवण देत पाद्री ती कपाळावर क्रुसासारखी ओढतात. आपल्या विभूतीच्या इतकं जवळचं काही चर्चमध्ये असेल, अशी मला कल्पना नव्हती.

ती माझ्या कपाळाकडे बघत होती, मी तिच्या. तिनेच विचारलं, तुमच्यात हे आजचंच असतं का? म्हटलं, आमचं रोजचं. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि मला शेजारी जागा केली. हडसन नदीखालच्या बोगद्यातून गाडी जात होती, तेव्हा ती म्हणाली, ‘या कपड्यांत माझ्याकडे कुणी बघत नाही. आज मात्र सकाळपासून अनोळखी माणसं मान हलवून ओळख देतात. बसच्या ड्रायव्हरनेही दिली.’ मी तिला कुर्डुवाडीचा टीसी सांगितला. तिला तो लगेच समजला. विठ्ठल कोण, हे तिने विचारलंही नाही.

परवा त्या सांडलेल्या बुक्क्यातला थोडा चिमटीने उचलून कागदात बांधला आणि समोरच्या इमारतीतल्या गुजराती आजींकडे गेले. मुलाकडे राहतात, इंग्रजी येत नाही. रस्त्यात टिकली दिसली की हात जोडून ‘जय श्रीकृष्ण’ म्हणतात. आमची ओळख तेवढीच. कपाळ मोकळं असतं त्यांचं. मी म्हटलं, ‘बा, पंढरपूरचा आहे, लावू?’ त्यांनी आधी मागे वळून सुनेकडे पाहिलं, मग मान पुढे केली. लावल्यावर तेच बोट त्यांनी माझ्या कपाळाला टेकवलं.

मग आत नेऊन बसवलं. आळंदीहून पंढरपूर किती लांब, विचारलं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हटलं, जवळजवळ तीन आठवडे चालतात. त्यांनी डाकोरचं काढलं. फागण पूनमेला रणछोडरायाच्या दर्शनाला लोक पायी जातात, त्याही जायच्या. वाटेत ठिकठिकाणी मंडप, ताक, पायाला चोळायला तेल. अर्धं गुजराती, अर्धं हातवाऱ्यांनी. सून चहा ठेवायला उठली, तशी तिला थांबवून म्हणाल्या, ‘आधी हिला विचार, त्यांच्यात बायका एकट्या जातात का.’