पाण्यालाही वाफसा असतो

आमचे थोरले बंधू सदुसष्ट वर्षांचे झाले तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. घरात सारे त्यांना दादा म्हणतात. आमचे गाव माण तालुक्यातले. इथे पाणी बघायचे तर विहिरीत डोकावायचे, तेही फेब्रुवारीपर्यंतच. जेजुरी, शिखर शिंगणापूर, लेकीचे सासर आणि मार्केट यार्ड, एवढाच दादांचा प्रवास. मी मात्र कृषी खात्यात नोकरी करतो. तीस वर्षे होत आली. अभ्यासदौऱ्यांतून कितीतरी शेतकऱ्यांना राहुरी, दापोली, जळगाव दाखवून आणले. घरचा शेतकरी तेवढा राहून गेला.

ही गोष्ट मनाला लागायचे कारण आहे. मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकत असताना दुसऱ्या वर्षाची फी भरायला घरात पैसा नव्हता. दादांनी खिलार जोडीतला एक बैल म्हसवडच्या जत्रेत विकला आणि त्या साली पेरणी सावडीने केली. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर कदाचित मी विसरलोही असतो.

गेल्या साली दादांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी सुटल्यावर चार दिवसांनी ओट्यावर बसून म्हणाले, "आता लांबचं दिसतंय. समुद्र एकदा बघावा म्हणतो. पण नुसता बघून काय करायचा? मासा धरायला मिळंल का?" लहानपणी माणगंगेच्या डोहात आम्ही गळ टाकून करंगळीएवढे मासे धरत असू. ते त्यांना आठवले असावे. मी होडीचे नाव काढताच मात्र ते म्हणाले, "नावंत बसणार नाय. पायाखाली दगूड पायजे."

मग धक्क्यावरूनच मासे धरायचे ठरले. मागे एका प्रशिक्षणाच्या वेळी मी मालवणला एका खानावळीत उतरलो होतो. त्या बाईंना फोन केला. त्यांनी एका म्हाताऱ्या तांडेलाचा नंबर दिला. तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा म्होरक्या. आता वयामुळे ते होडीवर जात नाहीत, पाहुण्यांना धक्क्यावर गरवायला नेतात. गळाने मासे धरण्याला कोकणात गरवणे म्हणतात.

मी फोन लावला. दोन माणसे, तीन तास. गळ, दोरी आणि आमिष त्यांचे. एकूण दीड हजार रुपये, त्यातले पाचशे विसार म्हणून आधी. व्यवहार चोख होता. मी म्हटले, "येत्या रविवारी अकरा वाजता येतो." त्यांनी विचारले, "तिथी खंयची?"

"रविवार आहे," मी परत म्हटले.

"रविवार न्हय ओ, तिथी!"

मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी होती. तांडेल म्हणाले, "अष्टमीक पाणी भांगाचा. अकराक सुकतीच आसतली. तेरशीक येवा."

तेरस येत होती शुक्रवारी. शुक्रवारी माझी तालुक्याला बैठक होती. मी जरा साहेबी आवाजात सांगितले, "सुट्टी रविवारीच आहे. तुम्ही फक्त तयार राहा." पलीकडून थोडा वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "दर्याक तुमचो रविवार म्हायत नाय, सायबानू. येवा तर येवा." मी पाचशे रुपये पाठवून दिले.

शनिवारी फोंडा घाट उतरून रात्री उशिरा मालवणला पोचलो. सकाळी बंदरावर गेलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. महाराजांनी १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू केले, तो हा किल्ला. दादा बराच वेळ नुसते उभे होते. धोतराचा सोगा हातात धरलेला, मान जरा पुढे. एवढे पाणी त्या माणसाने जन्मात पाहिले नव्हते.

मी म्हटले, इथेच गळ टाकू. तांडेल म्हणाले, इथे नको. किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. कुठे गळ टाकावा आणि कुठे टाकू नये, हे स्थानिक माणसालाच नीट माहीत असते. मग रिक्षाने उत्तरेला कोळंबच्या खाडीपलीकडे सर्जेकोटच्या धक्क्यावर गेलो.

ओहोटी चांगलीच लागली होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर हिरवे शेवाळ चढले होते. पाणी खाली गेल्यामुळे आम्हालाही खाली उतरावे लागले. दुसऱ्याच पायरीवर दादांचा पाय सटकला. तांडेलाने दंड धरला म्हणून निभावले, नाहीतर ऑपरेशनचा डोळा नेमका दगडावर आपटला असता. माझ्या अंगाला कापरे भरले. दादा धोतर झटकत म्हणाले, "काय झालं नाय. चला."

तीन तास बसलो. एका खेकड्याने दोनदा आमिष खाल्ले. बाकी काही नाही. निघताना मी उरलेले हजार रुपये काढले, पण हात जरा आखडता घेतला आणि म्हटले, "मासा तर काही लागला नाही." तांडेल काही बोलले नाहीत. दादाच बोलले, "पैसं पुरं दे. पाऊस पडला नाय म्हणून नांगरटीचं भाडं बुडिवतोस का?"

मी पैसे दिले. परतीच्या एस.टी.त कणकवलीपर्यंत दोघेही गप्प होतो. मग दादांनी विचारले, "त्या म्हाताऱ्यानं तुला आधी काय सांगितलं हुतं का?" मी सारे सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "आरं, वाफसा आल्याबिगर पेरू नका म्हणून तूच लोकांना सांगत फिरतोस न्हवं? पाण्यालाबी वाफसा असतोय की."

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत इतके सरळ कोणी माझ्या तोंडावर बोलले नव्हते. मला एक जुनी गोष्ट आठवली. रब्बी ज्वारीच्या काणी रोगासाठी एक किलो बियाण्याला ३०० मेशचे गंधक ४ ग्रॅम चोळून पेरावे, याचे प्रात्यक्षिक मी एका गावात ठेवले होते. तारीख माझ्या सोयीने धरली. मी गंधकाच्या पुड्या घेऊन गेलो, तोवर पाऊस होऊन, वाफसा येऊन गावाची मालदांडी पेरूनही झाली होती. माणसे सौजन्याने येऊन बसली, चहा प्याली, वहीत सह्या करून गेली. माझा कार्यक्रम पार पडला, पण त्यांच्या एका दाण्यालाही गंधक लागले नाही. तो दिवस आणि मालवणचा रविवार एकाच जातीचे होते. दोन्ही वेळा चूक माझी होती आणि दोन्ही वेळा मी ती समोरच्याच्या पदरात टाकायला निघालो होतो.

घरी आल्यावर मी भरती-ओहोटीचे गणित समजून घेतले. ते आपल्यासारख्या तिथी पाळणाऱ्या माणसांना अवघड नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. त्यामुळे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून पाणी कमी चढते आणि कमी उतरते. हे भांगाचे पाणी. रोज भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येते. त्यावरून किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीचे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि मध्ये बाराच्या सुमारास पुरी ओहोटी. मी नेमका त्या तळाच्या वेळी गळ टाकून बसलो होतो! शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. गावोगावी अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, म्हणून शेवटचा शब्द स्थानिक माणसाचा घ्यावा. पाणी चढू लागले की त्याबरोबर मासा खाण्याच्या शोधात काठाकडे येतो. ओहोटीच्या तळाला पाणी थांबलेले असते, तेव्हा तो सहसा तोंड लावत नाही.

दुसऱ्या खेपेचा फोन दादांनी स्वतः केला. माणदेशी आणि मालवणी बोलीत दोघांचे काय जमले कोण जाणे, पण पंधरा मिनिटे बोलणे चालले होते. पावसापासून गुरांपर्यंत सारी विचारपूस झाली. फोन ठेवून दादांनी कॅलेंडरवर माघ शुद्ध द्वादशीला पेन्सिलीने खूण केली. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, म्हणजे नऊ. सकाळी साडेसहाला धक्क्यावर बसायचे, नऊपर्यंत पाणी चढते. मी किरकोळ रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारले. "थोरल्या भावाचे काम आहे," म्हणून सांगितले. खोटे नव्हते.

त्या सकाळी सर्जेकोटला थंडी होती. पाणी वर आले होते, शेवाळाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, त्यामुळे खाली उतरायची गरजच पडली नाही. तांडेलाने कोळंबीचा तुकडा गळाला लावून दाखवला, शिशाचे वजन बांधले आणि दोरी दादांच्या हाती दिली. काठी वगैरे काही नाही. दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बोटाला लागेल ते ऐकायचे. दादा म्हणाले, "हे मोटंच्या नाड्यासारखं हाय. बैल वढतोय का मोट भरती हाय, ते नाडा हातालाच सांगतोय."

पहिले मुडदुशे साडेसातला लागले. वीतभर लांब, चांदीसारखे. मग आणखी दोन. एक तांबोशी लागली, पण ती फारच लहान होती. तांडेलाने ती गळातून सोडवून परत पाण्यात टाकली. दादांना ते फार पटले. "बियाणं राखाय पायजे," म्हणाले. मग माझ्या दोरीला एक शिंगाळा आला. मी हात घालणार तोच तांडेल ओरडले. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे विषारी काटे असतात. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, वेदना कमी होते. आणि डॉक्टरला दाखवावे.

नऊ वाजून गेले. पाणी भरून थांबले. दादांनी दोरी गुंडाळली आणि समोरच्या पाटीकडे बोट दाखवून मला विचारले, "ह्या गावाचं नाव काय म्हणालास?"

"सर्जेकोट."

"सर्जेकोट," ते म्हणाले. "आपला सर्जा हितं आला व्हय!"

सर्जा म्हणजे म्हसवडच्या जत्रेत विकलेला तो बैल. इतक्या वर्षांत त्याचे नाव दादांच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. दादा पाण्याकडेच बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मारका हुता जरा. पण चालायला खरा." मग तांडेलाकडे वळून विचारले, "पैसं किती ऱ्हायलं?" आणि स्वतःच्या बंडीच्या खिशातून हजार रुपये मोजून दिले. मला देऊ दिले नाहीत.

शेतकरी बंधूंनो, रब्बीची कामे आवरली की एखादी घरचीच माणसे घेऊन किनाऱ्यावर जरूर जा. पावसाळ्यात धक्क्यावर जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांनाही मासेमारीची बंदी असते. थंडीचे दिवस चांगले. ठरवताना आधी दिवस सांगू नका, तिथी विचारा. गळ टाकायची जागा परवानगीची आहे का, हे विचारा. गळ, दोरी, आमिष कोणाचे, हे आधीच बोलून घ्या. पायात न घसरणारी चप्पल असावी. म्हाताऱ्या माणसाला शेवाळाच्या पायरीवर उतरवू नये. होडीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय धक्का सोडू नका. आणि मासा लागो न लागो, ठरलेले पैसे पुरे द्या. मासा देणे त्या माणसाच्या हाती नाही, त्याची मेहनत आणि माहिती मात्र तुम्ही घेतलेली असते.

माझ्यापुरते सांगायचे तर अलीकडे मी गावात प्रात्यक्षिकाची तारीख लिहून नेत नाही. पारावर बसतो आणि विचारतो, "वाफसा कधी येईल?" मग ते सांगतील तो दिवस डायरीत लिहितो. दोन वेळा त्यामुळे रविवारी जावे लागले.

दादांनी गळ आणि दोरी तांडेलाकडून मागून आणली आहे. ती सोप्यात खुंटीला टांगलेली असते, कासऱ्याशेजारी. फाल्गुनातल्या एका तिथीला कॅलेंडरवर पेन्सिलीची खूण झालेली आहे. वार कोणता, ते मी अजून पाहिलेले नाही.